शब्द एक, अर्थ तीन

वर्तमानपत्र हाती आले की कुणी आधी पहिले पान वाचतो, कुणी खेळाचे पान उघडतो, तर कुणी थेट शब्दकोड्यावर पेन टेकवतो. या तिसऱ्या मंडळींची घरात थोडी थट्टाच होते. "बसले चौकोन भरत!" असे घरातली माणसे म्हणतात. आमचे मत वेगळे आहे. ज्या घरात शब्दकोडे सुटते, त्या घरात भाषेची विचारपूस होते. आणि ज्या सूचना एकाच शब्दाच्या दोन-तीन अर्थांवर उभ्या असतात, त्या सोडवायला तर एकट्याचे डोके पुरत नाही. आजीला विचारावे लागते, वडिलांना हाक मारावी लागते, शेजारच्या काकांचे दार ठोठवावे लागते.

पुढची सूचना पाहा.

"घरट्यात राहते, धूर सोडते आणि रॉकेलवर जळते." तीन अक्षरी.

पक्षी म्हणावा तर धूर कुठून आला? धूर म्हणावा तर घरटे कसले? उत्तर आहे 'चिमणी'. एक चिमणी दाणे टिपणारी, दुसरी गिरणीच्या छपरावरून आभाळात गेलेली आणि तिसरी वीज गेली की फळीवरून खाली उतरणारी, काळ्या काजळीची. लोअर परळमध्ये वाढलेल्या साठीच्या माणसाला हे कोडे अर्ध्या मिनिटात सुटेल. त्याने तिन्ही चिमण्या एकाच खिडकीतून पाहिलेल्या आहेत. त्याच्या नातवाला मात्र पहिल्या चिमणीशिवाय दुसरी ठाऊक नसते. शब्द तोच राहिला, त्याचे अर्थ मात्र एकेक करून घर सोडून गेले. आज आम्हाला वाचकांशी याच विषयावर बोलायचे आहे.

कोड्याचा जन्म आणि मराठी चौकोन

आडव्या-उभ्या शब्दांचे आजचे कोडे तसे वयाने फार मोठे नाही. लिव्हरपूलमध्ये जन्मलेले पत्रकार आर्थर विन यांनी अमेरिकेतील 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी ते पहिल्यांदा छापले. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून आपले कोडे सुरू केले. इंग्रजी कोडेकार दुहेरी अर्थाचा खेळ कसा करतात, त्याचा एक प्रसिद्ध नमुना सांगतो. 'फ्लॉवर' म्हणजे फूल, हे शाळकरी पोरही सांगेल. कोडेकार मात्र तो शब्द 'फ्लो' म्हणजे वाहणे यावरून बनवतो आणि 'वाहणारी' म्हणून नदीचे नाव मागतो. सोडवणारा बागेत फुले शोधत बसतो आणि उत्तर असते थेम्स!

आपल्याला हा खेळ परका नाही. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'श्लेष अलंकार' शिकलो, तो हाच. गावाकडे रात्री अंगणात घातली जाणारी हुमाणे आणि उखाणे याच जातकुळीतली. गिरणीत कामाला आलेली कोकणातली आणि घाटावरची माणसे ही पुंजी आपल्या पत्र्याच्या ट्रंकेबरोबरच मुंबईला घेऊन आली.

मराठी कोड्याची एक सोय लक्षात ठेवावी. इंग्रजीत एका चौकोनात एक सुटे अक्षर बसते. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह अख्खे अक्षर एका चौकोनात बसते. 'गिरणी' लिहायला तीन चौकोन लागतात : गि, र, णी. 'चिंच' दोन चौकोनांत मावते. त्यामुळे आपले शब्द चौकोनांत आखूड होतात आणि दोन अक्षरी शब्दांची गर्दी होते. दोन अक्षरी शब्दांतच दुहेरी अर्थ जास्त सापडतात : कर, वार, हार, मान, पान, अंक, पद, तार, माग. म्हणून मराठी शब्दकोडे सोडवणाऱ्याने दुहेरी अर्थाची सवय करून घेतलीच पाहिजे.

सोडवायचे कसे?

पहिली गोष्ट, लिंग पाहा. मराठीत नामाचे लिंग सूचनेतल्या क्रियापदावरून उघडे पडते. 'तो हार' गळ्यात पडतो, 'ती हार' निवडणुकीत पत्करावी लागते. 'तो पाठ' पुस्तकात असतो, 'ती पाठ' आजारपणात धरते. 'ते नाव' दाखल्यावर लिहितात, 'ती नाव' पाण्यावर चालते. सूचनेत 'पडला' आहे की 'पडली', एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.

दुसरी गोष्ट, शब्द नाम आहे की क्रियापद, हे ताडून पाहा. चतुर कोडेकार नामाच्या वेशात आज्ञा लपवतो. 'कर' म्हणजे हात, 'कर' म्हणजे सरकारी वसुली, आणि आई मुलाला "अभ्यास कर" म्हणते तेव्हा तीच दोन अक्षरे आज्ञा होतात. 'चाळ' म्हणजे राहायची जागा, तसेच "पीठ चाळ" यातली आज्ञा, आणि लावणीत पायात बांधतात तेही चाळच. 'पळ' म्हणजे धाव, आणि जुन्या कालमापनात 'पळ' म्हणजे चोवीस सेकंद.

तिसरी गोष्ट, ह्रस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करू नका. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा. एका वेलांटीने उत्तर बदलते.

चौथी गोष्ट, छेदणाऱ्या शब्दाची साक्ष घ्या. "हात" एवढीच सूचना असेल तर कर, हस्त, बाहू असे कितीतरी शब्द पुढे येतात. पण दुसरा चौकोन उभ्या 'गिरणी'तल्या 'र'चा असेल, तर 'कर' सोडून बाकीचे मागे हटतात. चांगल्या कोड्यात शंका राहिली तरी तिचे उत्तर कोड्यातच असते. ही गोष्ट वरवर साधी वाटते, पण तिच्यावरून आपल्या देशात एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता.

कोडे जेव्हा जुगार झाले

स्वातंत्र्याच्या आगेमागे बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे मोठे पेव फुटले होते. प्रवेश फी भरायची, कोडे भरून पाठवायचे आणि हजारो रुपयांची वाट पाहायची. त्यात 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड' हे नाव गाजलेले होते. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकात ते छापले जाई आणि मुंबई राज्यातही त्याचा मोठा खप होता.

या कोड्यांत गोम अशी होती की एका जागी दोन-तीन शब्द सारखेच शोभून दिसत. त्यातला 'बरोबर' कोणता, हे आयोजकांनी आधीच ठरवून ठेवलेले असे. अर्थ कितीही नीट लावला तरी त्यांच्या उत्तराशी आपले उत्तर जुळले तरच पैसा मिळे. मुंबई राज्याने १९४८ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. पुढे १९५५ साली संसदेने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला. महिन्याला एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे नकोत आणि एका स्पर्धेला दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका नकोत, अशी मर्यादा त्याने घातली.

आयोजक चमरबागवाला न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. ज्या स्पर्धेतले यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, ती या कायद्याच्या बंधनात येत नाही.

यातून सामान्य वाचकाने घ्यायचा धडा सोपा आहे. दोन अर्थांपैकी कोणता घ्यायचा, हे जर विचाराने ठरत असेल तर ते ज्ञान आहे. ते दुसऱ्याच्या लहरीवर ठरत असेल तर तो सट्टा आहे. आजही मोबाइलवर पैसे लावून खेळायचे शब्दांचे आणि आकड्यांचे खेळ समोर येतात. तेव्हा घरातल्या तरुणांना हा फरक समजावून सांगावा.

गिरणगावचा शब्दकोश

आता लोअर परळकडे वळू. मातीच्या पसरट भांड्यालाही मराठीत 'परळ' म्हणतात. म्हणजे स्टेशनच्या नावापासूनच आमच्या कोड्याला सुरुवात होते. या भागाने मराठी शब्दांना जे जास्तीचे अर्थ दिले, ते मोजायला बसलो तर एक वही भरेल. काही सूचना आम्ही मुद्दाम तयार केल्या आहेत. उत्तरे लगेच वाचू नका, आधी प्रयत्न करा.

१) चाळीत भाड्याने मिळते, विहिरीत फुकट असते. (दोन अक्षरी)
२) गिरणीत कापड विणतो, रानात चोरापर्यंत नेतो. (दोन)
३) कामगाराची आठवड्याला बदलते, कानाची कधीच बदलत नाही. (दोन)
४) कापड मोजा, नाहीतर दिनदर्शिका पाहा. (दोन)
५) बँकेत उघडते, गिरणीत चालते, भुकेली मुलगी ताटावर बसून करते. (दोन)
६) राखेतून उठतो, लोअर परळला आधी सूत कातायचा, आता दुकाने थाटून बसला आहे. (तीन)

उत्तरे अशी : खोली, माग, पाळी, वार, खाते, फिनिक्स.

यातल्या काहींबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. 'खोली' म्हणजे राहायची जागा आणि 'खोली' म्हणजे खोलपणा. डिलाईल रोडच्या, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावरच्या बी.डी.डी. चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. त्या खोलीची खोली बाहेरच्याला कळणे कठीण! आता या चाळींचा पुनर्विकास सुरू झाला आहे आणि तिथे ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळायचे आहेत. चांगलेच आहे. पण "आमची खोली" हा शब्द मात्र तिथे राहायला जाणार नाही.

'पाळी' म्हणजे गिरणीतली कामाची वेळ. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. 'पाळी' म्हणजे आपला क्रम, कानाच्या खालचा मऊ भाग म्हणजेही पाळी, आणि बायकांची मासिक पाळीही तीच. हा शेवटचा अर्थ पूर्वी कुजबुजत सांगितला जाई. आता तो मुलींच्या पुस्तकात छापून येतो, हे योग्यच झाले. म्हणजे अर्थ नेहमी हरवतातच असे नाही. काही अर्थ अंधारातून उजेडातही येतात.

'खाते' हा शब्द तिहेरी आहे. बँकेतले खाते, गिरणीतला विभाग म्हणजे खाते, आणि 'ती खाते' हे क्रियापद. 'फिनिक्स'चे तर काय सांगावे! राखेतून पुन्हा जन्मणाऱ्या पक्ष्याचे नाव १९०५ साली सुरू झालेल्या गिरणीने घेतले. आज त्याच जागी उभ्या असलेल्या मॉलला लोक याच नावाने ओळखतात. पक्षी उठला खरा, पण कुणासाठी उठला, हे ज्याने त्याने ठरवावे.

'हप्ता' हा शब्द फारसीतल्या सातावरून आला. म्हणून तो आठवडा झाला, मग कर्जाचा झाला आणि पुढे वस्तीतल्या दादाचाही झाला. 'साचा' म्हणजे ओतीव वस्तूचा ठसा, पण गिरणीत साचा म्हणजे यंत्र. 'तार' म्हणजे धातूचा धागा आणि 'तार' म्हणजे गावाहून आलेली धडकी भरवणारी बातमी. जुलै २०१३ मध्ये देशातली तार सेवा बंद झाली आणि हा दुसरा अर्थही आठवणीत जमा झाला.

'संप' या शब्दाची गोष्ट तर विलक्षण आहे. मराठीत संप म्हणजे काम बंद. पण गुजरातीत 'संप' म्हणजे एकी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, तेव्हा दोन्ही भाषांतले अर्थ रस्त्यावर एकत्र आले होते. आणि 'संपणे' या क्रियापदातही हीच अक्षरे आहेत. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, असे गिरणगावात आजही सांगतात. संप संपला नाही, गिरण्या संपल्या.

आजोबांना विचारा

समजा, अशाच एखाद्या घरात नात कोडे सोडवत बसली आहे. सूचना आहे : "साहेबाला नको असते, गिरणीच्या दारात उभ्या असलेल्याला हवी असते." तीन अक्षरी.

"आजोबा, साहेबाला नको असते ती बदली. पण गिरणीच्या दारातल्या माणसाला बदली कशाला हवी असेल हो?"

"अगं, कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी घ्यायचे, त्याला बदली म्हणायचे. सकाळी दारावर उभं राहायचं. नाव पुकारलं तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. मी तीन वर्षं बदलीच होतो."

"मग नाव नाही पुकारलं तर त्या दिवशीचा पगार?"

"कसला पगार? म्हणून तर हवी असायची ना!"

दोन अक्षरांचा किंवा तीन अक्षरांचा चौकोन भरता भरता नातीला जे कळले, ते तिच्या इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींपलीकडे सापडले नसते. शब्दकोशात अर्थ असतो; पण तो अर्थ जगलेला माणूस घरातच बसलेला असतो. १९८२ साली पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीला टेकला आहे. त्याला विचारायला फार वेळ उरलेला नाही, हे आम्ही स्पष्टच लिहितो.

"इथे कोणता अर्थ?"

दुहेरी अर्थाची पारख ही करमणुकीपुरती गोष्ट नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. 'जात' हा शब्द घ्या. 'तो जात आहे' यातला 'जात' जाणे या क्रियापदाचा. दाखल्यावरची 'जात' जन्म या अर्थाच्या धातूपासून आलेली. दिसायला एक, कुळ निराळे. एक चालती, दुसरी हटत नाही. 'वर्ण' म्हणजे रंग, 'वर्ण' म्हणजे अक्षर, आणि माणसामाणसांत उतरंड लावणाराही 'वर्ण'च.

पालीत 'जाति' म्हणजे जन्म, आणि प्रकार किंवा जीवजात असाही त्याचा अर्थ होतो. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन तरुण भगवान बुद्धांकडे वाद घेऊन येतात : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? तेव्हा भगवंत गवत, झाडे, किडे, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. त्यांच्यात निरनिराळ्या जातींची लक्षणे अंगावर दिसतात, माणसांत तशी दिसत नाहीत, असे ते दाखवून देतात. धम्मपदाचा शेवटचा वग्ग 'ब्राह्मण' या शब्दाला आचरणाचा नवा अर्थ देतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच विचारलेला आहे : तुम्ही हा शब्द कोणत्या अर्थाने वापरता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली लिहिला, तेव्हा एका शब्दामागची माणसे शोधण्याचेच काम केले. पाली शब्दकोशाचे कष्टही त्यांनी घेतले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील सोळावा खंड त्यांच्या पाली व्याकरणाचा आणि शब्दकोशाचा आहे. तो चाळला तर आपल्या गिरणगावाशी नाते सांगणारा एक शब्द आठवावा : सुत्त. संस्कृत 'सूत्र' म्हणजे धागा, त्याचे पालीत झाले 'सुत्त', आणि त्याच घराण्यातून आपले 'सूत' आले. बुद्धवचनाचे सुत्त आणि गिरणीत कातले जाणारे सूत मुळात एकाच धाग्याचे आहे. गंमत म्हणजे पालीत 'सुत्त' याचा दुसरा अर्थ 'झोपलेला' असाही होतो. कोणता अर्थ घ्यायचा, हे वाचणाऱ्याने जागे राहून ठरवायचे!

घरी एवढे करा

एक वही घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कामाचे, चाळीचे, गावाचे शब्द विचारून लिहा आणि प्रत्येकासमोर त्याचे सगळे अर्थ मांडा. अडले तर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' पाहा. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्याच्या सात खंडांत एकेका शब्दाचे अर्थ आकडे घालून दिले आहेत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी असे कोश बसून पाहता येतात. मग रविवारी मुलांना पाच बाय पाचचा चौकोन आखायला सांगा आणि सूचना त्यांनाच करू द्या. सूचना सोडवण्यापेक्षा सूचना करणे कठीण असते, कारण तिथे दोन्ही अर्थ स्वतःला माहीत असावे लागतात. उत्तर एकच निघेल आणि छेदणाऱ्या शब्दांनी ते सिद्ध होईल, एवढी प्रामाणिक अट मात्र पाळावी.

जाता जाता वाचकांसाठी आमची एक सूचना. "तो मिळाला की ती ताठ होते." दोन अक्षरी. लिंगाचा नियम लावून पाहा. उत्तर आम्ही छापत नाही. घरातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान माणसाने मिळून ते शोधावे.